लूव्हेनचे विद्यापीठ आणि बेल्जियमची भाषासीमा

कुष्ठरोग्यांचे सेवक म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्या संत डेमियन यांच्या चरित्रात भाषेची एक लहानशी हकिगत दडलेली आहे. १८४० साली बेल्जियममधील ट्रेमेलो या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडिलांची शेती आणि धान्याचा लहानसा व्यापार होता. घरची भाषा फ्लेमिश. परंतु व्यापारात पुढे यायचे तर फ्रेंच हवी, म्हणून या मुलाला दक्षिणेकडील ब्रेन-ल-काँत या गावी शाळेत धाडण्यात आले. पुढे लूव्हेन येथील मठात त्यांनी प्रवेश मागितला, तेव्हा लॅटिन येत नाही म्हणून त्यांना प्रथम केवळ 'ब्रदर' म्हणून घेण्यात आले. याच संघात असलेल्या थोरल्या भावाने त्यांना लॅटिन शिकवले आणि मग धर्मगुरुपदाची वाट मोकळी झाली. चुलीपाशी एक भाषा, पेढीवर दुसरी आणि वेदीवर तिसरी, अशी ही चढण एकोणिसाव्या शतकातील प्रत्येक फ्लेमिश मुलापुढे उभी होती. ज्यांना ती चढता आली नाही, त्यांची नावे चरित्रग्रंथांत आढळत नाहीत.

ज्या लूव्हेन नगरीत डेमियन यांनी मठात प्रवेश केला आणि जेथे १९३६ पासून त्यांच्या अस्थी विसावल्या आहेत, त्याच नगरीत १९६८ साली भाषेच्या प्रश्नावरून ख्रिस्ती जगातील एक अतिशय जुने कॅथलिक विद्यापीठ दुभंगले. ज्यांच्यात भांडण झाले ते दोन्ही पक्ष कॅथलिक होते. एकाच वेदीवर गुडघे टेकणाऱ्या माणसांना एका वर्गात बसणे अशक्य का झाले, हे समजून घ्यायचे तर आपल्याला बरेच मागे जावे लागते.

बेल्जियम हा देश आकाराने चिमुकला. त्याच्या मधोमध, पूर्वेकडून पश्चिमेकडे एक अदृश्य रेषा जाते. रेषेच्या उत्तरेस फ्लँडर्स. तेथील लोक डच भाषेच्या बोली बोलतात आणि त्यांनाच आपण ढोबळपणे फ्लेमिश म्हणतो. दक्षिणेस वालोनिया, तेथे फ्रेंच आणि तिच्या भगिनी असलेल्या वालून वगैरे बोली. पूर्वेच्या कोपऱ्यात जर्मन बोलणाऱ्यांची एक लहान वस्ती आहे. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने ती बेल्जियमला मिळाली. ब्रुसेल्स ही राजधानी रेषेच्या उत्तरेस, म्हणजे मुळात डच बोलीच्या प्रदेशात वसलेली. मात्र गेल्या दोन शतकांत ती बहुतांशी फ्रेंच बोलू लागली. ही रेषा मध्ययुगाच्या आरंभापासून फारशी हललेली नाही. गंमत अशी की, तिच्यावरून शेकडो वर्षे कोणी भांडले नव्हते. शेतकऱ्याने शेजारच्या गावची बोली कामापुरती शिकावी, विद्वानांनी लॅटिनमध्ये वाद घालावेत, अशी ती व्यवस्था होती.

भांडणाला तोंड फुटले ते आधुनिक राज्य आल्यावर. १८१५ नंतर हा प्रदेश हॉलंडच्या राजाच्या ताब्यात होता आणि त्याने फ्लेमिश प्रांतांत डच भाषा सक्तीची केली. १८३० साली बेल्जियन जनतेने त्याच्याविरुद्ध उठाव करून स्वातंत्र्य मिळवले. या उठावात कॅथलिक आणि उदारमतवादी खांद्याला खांदा लावून उभे होते. १८३१ च्या राज्यघटनेने भाषेचा वापर ऐच्छिक राहील असे उदारपणे जाहीर केले. परंतु स्वातंत्र्य कोणाला? मताधिकार कराच्या रकमेवर ठरत असल्याने लोकसंख्येच्या सुमारे एक टक्का लोकच मतदार होते आणि हा वर्ग, मग तो उत्तरेचा असो वा दक्षिणेचा, फ्रेंच बोलत असे. अधिकाऱ्याला वाटेल ती भाषा वापरण्याची मुभा होती आणि त्याला फ्रेंच वापरावीशी वाटत होती. फ्लेमिश बोलणारे निम्म्याहून अधिक असूनही न्यायालय, सैन्य, सचिवालय, माध्यमिक शाळा, सारे काही फ्रेंचमध्ये चालू लागले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. हा आरंभी दोन प्रांतांमधील तंटा नव्हता. गेंटच्या गिरणीमालकाची आणि त्याच्याच गिरणीत राबणाऱ्या विणकराची भाषा वेगळी होती.

१८६० साली कूके आणि खुटाल्स या दोन फ्लेमिश मजुरांना खुनाच्या आरोपावरून शार्लरुआ येथे गिलोटिनवर चढवण्यात आले. खटल्याचे कामकाज फ्रेंचमध्ये झाले होते. दोघे निरपराध होते आणि आपल्यावरील आरोपही त्यांना कळला नाही, अशी समजूत पुढे फ्लँडर्सभर पसरली. इतिहाससंशोधकांनी त्यांच्या निर्दोषत्वाविषयी रास्त शंका घेतल्या आहेत. परंतु आरोपीला न समजणाऱ्या भाषेत त्याच्या मरणाचा निवाडा व्हावा, ही गोष्ट तो अपराधी असला तरी न्याय्य ठरत नाही, असे आम्हांला वाटते. लोकांनाही तसेच वाटले असावे, कारण पहिला भाषाविषयक कायदा झाला तो १८७३ साली आणि तो फौजदारी न्यायदानाविषयीच होता. पाठोपाठ १८७८ साली प्रशासनाचा आणि १८८३ साली माध्यमिक शाळांचा कायदा आला. देशाचे कायदे दोन्ही भाषांत समान दर्जाने प्रसिद्ध व्हावेत, एवढ्या साध्या गोष्टीसाठी मात्र १८९८ साल उजाडावे लागले.

या चळवळीत ख्रिस्तसभा कोठे होती? उत्तर एकेरी नाही. गावोगावचे धर्मगुरू शेतकऱ्यांच्या घरांतून आलेले. त्यांचे प्रवचन, धर्मशिक्षण आणि कुमसार हे सारे फ्लेमिशमध्ये चाले. लोकभाषा जगवली ती त्यांनी. ब्रुजचे कवी गीदो खेजेले (१८३०–१८९९) हे धर्मगुरूच होते; पश्चिम फ्लँडर्सच्या खेडवळ बोलीतून त्यांनी निसर्गाचे आणि परमेश्वराचे असे काव्य लिहिले की डच साहित्याच्या इतिहासात त्यांचे नाव आज पहिल्या रांगेत घेतले जाते. उलट बिशपांची निवासस्थाने आणि कॅथलिक कॉलेजे फ्रेंच वळणाची होती. उत्तरेकडील प्रॉटेस्टंट हॉलंडची भाषा जवळ केली तर त्या पंथाचे विचारही आत शिरतील, ही धास्तीही त्यामागे होती. अनेक कॉलेजांत 'सिग्नम' नावाची एक चाल होती. फ्लेमिश बोलताना सापडलेल्या मुलाच्या हाती एक खूण दिली जाई. त्याने तसेच बोलणारा दुसरा मुलगा हेरून ती त्याच्या हाती सोपवायची. शेवटी ज्याच्याकडे ती उरे त्याला शिक्षा होई. मातृभाषा बोलण्याबद्दल दंड घेणाऱ्या शाळा आपल्याकडेही काही वाचकांना आठवतील. पण सवंगड्याची चहाडी करायला लावणारी ही युक्ती त्याहून दुष्ट म्हटली पाहिजे. १८७५ साली रुसेलारे येथील लहान सेमिनरीत, जेथे खेजेले एकेकाळी शिकवीत असत, विद्यार्थ्यांनी वरिष्ठांच्या सणाच्या दिवशी फ्रेंच गीते गाण्याचे नाकारून आपली फ्लेमिश गीते गायिली. त्यांचा म्होरक्या आल्ब्रेख्त रोडेनबाख हा अठरा वर्षांचा कवी होता. फ्लेमिश विद्यार्थी चळवळीचा आरंभ याच प्रसंगापासून मोजतात. म्हणजे, चळवळ जन्मली ती सेमिनरीत आणि पहिला विरोधही झाला तो सेमिनरीतच.

विसाव्या शतकाच्या आरंभी मागणी पुढे सरकली : विद्यापीठीय शिक्षण डचमधून हवे. १९०६ साली बेल्जियन बिशपांनी शिक्षणाविषयी सूचना काढल्या. त्यांत फ्लेमिश भाषा उच्च शिक्षणाचे माध्यम होण्यास योग्य नाही, असा आशय होता. या सूचनांमागे कार्डिनल मर्सिए होते. मर्सिए हे सामान्य गृहस्थ नव्हेत. तत्त्वज्ञ म्हणून त्यांचा लौकिक मोठा. पुढे १९१४ मध्ये जर्मन सैन्याने देश व्यापला असता निर्भयपणे परिपत्र काढून लोकांचे धैर्य टिकवणारे तेच. इतका धीरोदात्त पुरुष आपल्याच निम्म्या प्रजेची भाषा विचाराला अपुरी समजतो, याचे आम्हांला नवल वाटते. अनेक सज्जन माणसांनी इतर देशांतही असेच म्हटले आहे; ज्या भाषेत आपण स्वतः शिकलो तीच ज्ञानाची भाषा असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत असते.

मग महायुद्ध आले. ईझर नदीच्या चिखलात चार वर्षे तग धरून राहिलेल्या बेल्जियन सैन्यात शिपाई बहुसंख्येने फ्लेमिश आणि अधिकाऱ्यांची भाषा फ्रेंच होती. हुकूम न कळल्यामुळे शेकडो शिपाई मेले ही नंतरची कथा अतिशयोक्त आहे, असे आज इतिहासकार सांगतात. परंतु अपमान खरा होता. मृत सहकाऱ्यांच्या थडग्यांवर फ्लेमिश शिपायांनी आपल्या पद्धतीच्या शिळा उभारल्या. त्यांवर 'सर्व काही फ्लँडर्ससाठी, फ्लँडर्स ख्रिस्तासाठी' या ब्रीदाची आद्याक्षरे कोरलेली असत. रात्रीतून कोणी त्यांवर सिमेंट फासले. युद्ध संपल्यावर, १९२५ साली, अशा शेकडो शिळा फोडून त्यांची खडी रस्त्याच्या कामी वापरण्यात आली. ही जखम फ्लँडर्स अजून विसरलेला नाही. दुसरीकडे, १९१६ साली जर्मनांनी गेंट विद्यापीठ डच माध्यमाचे करून फ्लेमिश चळवळीला एक विषारी भेट दिली; ज्यांनी ती स्वीकारली ते देशद्रोही ठरले आणि न्याय्य मागणीलाही तो डाग लागला. गेंट अखेर कायद्याने संपूर्ण डच झाले ते १९३० साली.

त्याच १९३० साली लूव्हेन येथे अभियांत्रिकी शिकलेला एक फ्लेमिश तरुण येशूसंघात दाखल झाला. त्याचे नाव कामिल बुल्के. विद्यार्थिदशेत त्याने फ्लेमिश भाषेच्या चळवळीत भाग घेतला होता. १९३५ च्या सुमारास भारतात आल्यावर, येथील सुशिक्षित माणसे स्वतःच्या भाषेविषयी उदासीन असून इंग्रजी बोलण्यात भूषण मानतात, हे पाहून त्याला खेद झाला; आपल्या देशी फ्रेंचची जी मिजास त्याने पाहिली होती तीच येथे नव्या वेषात भेटली. त्याने हिंदी आणि संस्कृत आत्मसात केली, अलाहाबाद विद्यापीठात रामकथेवर प्रबंध लिहिला आणि तो हिंदीतच सादर करण्याचा आग्रह धरला. त्यासाठी विद्यापीठाला आपला नियम बदलावा लागला. 'रामकथा : उत्पत्ति और विकास' हा तो ग्रंथ १९५० साली प्रसिद्ध झाला. फादर बुल्के पुढे भारताचे नागरिक झाले, रांचीच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवीत राहिले, १९७४ मध्ये पद्मभूषण झाले आणि १९८२ साली दिल्लीत निवर्तले. त्यांचा प्रसिद्ध इंग्रजी-हिंदी कोश निघाला ते साल १९६८. त्याच साली त्यांचे लूव्हेन फुटत होते.

आता त्या फुटीकडे वळू. पोप मार्टिन पाचवे यांच्या आज्ञापत्राने १४२५ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ शतकानुशतके लॅटिनमधून शिकवीत आले होते. लॅटिन कोणाचीच मातृभाषा नव्हती, त्यामुळे ती कोणाला टोचतही नव्हती. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात ते बंद पडले आणि १८३४ साली बिशपांनी कॅथलिक विद्यापीठ म्हणून त्याची पुन्हा उभारणी केली, तेव्हा लॅटिनची गादी फ्रेंचकडे गेली. डच व्याख्याने हळूहळू वाढत गेली आणि दुसऱ्या महायुद्धापूर्वी बहुतेक विषय दोन्ही भाषांत शिकवले जाऊ लागले. एकाच प्रांगणात जणू दोन विद्यापीठे नांदत होती.

दरम्यान राज्याने आपले धोरण बदलले होते. १९३२ च्या कायद्यांनी 'प्रदेशाची भाषा तीच कारभाराची भाषा' हे तत्त्व आणले. परंतु कोणत्या गावाची भाषा कोणती हे खानेसुमारीवरून ठरे. १९४७ च्या गणनेत ब्रुसेल्सभोवतीची काही गावे फ्रेंचकडे झुकलेली दिसली आणि फ्लेमिशांना वाटले की दर दहा वर्षांनी आपली भूमी आक्रसणार. पुढील गणनेच्या वेळी फ्लेमिश नगराध्यक्षांनी भाषेचे प्रश्न विचारण्यासच नकार दिला. १९६१ साली भाषेची गणना कायमची बंद झाली आणि १९६२ च्या कायद्याने भाषासीमा नकाशावर पक्की आखली गेली. काही गावे या प्रांतातून त्या प्रांतात गेली. फूरेनच्या चिमुकल्या सहा गावांचा तंटा तर पुढे मंत्रिमंडळे पाडण्यापर्यंत गेला. आज बेल्जियममध्ये डच बोलणारे नेमके किती आणि फ्रेंच बोलणारे किती, याचा अधिकृत आकडा मिळत नाही, तो यामुळेच.

या सीमेने लूव्हेन स्पष्टपणे डच भागात आले. त्याच्या मध्यभागी हजारो फ्रेंच भाषक विद्यार्थी, शेकडो प्राध्यापक, त्यांची कुटुंबे, त्यांच्या मुलांसाठी फ्रेंच शाळांची मागणी, आणि अवघ्या पंचवीस किलोमीटरवर ब्रुसेल्स! राजधानीप्रमाणे हेही नगर हातचे जाणार, अशी भीती फ्लेमिशांच्या मनात घर करून बसली. फ्रेंच भाषकांची बाजूही समजण्यासारखी होती. त्यांच्या दृष्टीने लूव्हाँ हे त्यांचे पिढ्यान्पिढ्यांचे विद्यामंदिर होते; नकाशावर रेघ ओढली म्हणून ते एका रात्रीत परक्याचे कसे होईल?

निर्णय बिशपांच्या हाती होता, कारण विद्यापीठ त्यांचे. अध्यक्षस्थानी कार्डिनल स्यूनेन्स होते, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे एक सूत्रधार. मे १९६६ मध्ये बिशपांनी संयुक्त निवेदन काढले : विद्यापीठ एक आहे, एकच राहील, त्याच नगरीत राहील. निवेदनाचा सूर चर्चेचा नव्हता, आज्ञेचा होता. परिषदेची सांगता होऊन जेमतेम पाच महिने झाले होते. लोकभाषांना उपासनेत स्थान देणारा दस्तऐवज १९६३ च्या डिसेंबरातला. आपल्याकडे पवित्र मिस्सा मराठीत ऐकू येऊ लागली ती त्याचेच फळ. प्रापंचिकांच्या जबाबदारीविषयी परिषदेने जे सांगितले, ते या विद्यार्थ्यांनी मन लावून वाचले होते. त्यांना हे निवेदन जुन्या जगातून आल्यासारखे वाटले. फ्लँडर्ससारख्या श्रद्धाळू प्रदेशात तोवर न ऐकलेल्या बिशपविरोधी घोषणा रस्त्यांवर घुमल्या. आमच्या मते बिशपांचा हेतू वाईट नव्हता. ऐक्य हे ख्रिस्ती मूल्यच आहे. परंतु विद्यापीठाचा पत्ता काय असावा हा श्रद्धेचा विषय नव्हे, आणि तेथे आज्ञाधारकपणाची कसोटी लावल्याने खऱ्या आज्ञाधारकपणाचेच नुकसान झाले. फ्लँडर्समधील देवळे पुढील दशकांत रिकामी होत गेली. त्याची कारणे अनेक आहेत, सारा दोष या निवेदनावर ढकलणे बरोबर होणार नाही. तरी एक पिढी त्या दिवशी दुरावली, असे सांगणारे फ्लेमिश कॅथलिक पुष्कळ आहेत.

विद्यार्थ्यांची घोषणाही काही ख्रिस्ती प्रेमाची नव्हती. 'वालून बाहेर!' ही अक्षरे भिंतीभिंतींवर उमटली. ज्या वालून खाणमजुराची स्वतःची बोली फ्रेंच शाळेने तितक्याच निर्दयतेने पुसून टाकली होती, त्याचे नाव या रोषासाठी वापरले गेले, हा एक कडू विनोद. १९६८ च्या जानेवारीत फ्रेंच विभागाने लूव्हेनमध्येच विस्तार करण्याची आपली योजना जाहीर केली आणि भडका उडाला. मोर्चे, संप, पाण्याचे फवारे, धरपकड. २ फेब्रुवारी रोजी ब्रुजचे बिशप डे स्मेट यांनी शेतकऱ्यांच्या मेळाव्यात उभे राहून १९६६ च्या निवेदनात आपली चूक झाली होती, असे जाहीरपणे सांगितले. व्हॅटिकन परिषदेत धर्मस्वातंत्र्याचा मसुदा मांडणारे हेच बिशप. बिशपाने भर सभेत असे म्हणणे त्या काळी किती अनपेक्षित होते, याची आज कल्पना येणे कठीण आहे. आठवड्याच्या आत व्हांडेन बोयनांट्स यांचे सरकार कोसळले. त्याच वर्षी देशातील ख्रिस्ती लोकशाही पक्ष भाषेवरून फुटला; पुढील दहा वर्षांत उदारमतवादी आणि समाजवादीही त्याच वाटेने गेले.

१९७० साली कायद्याने दोन स्वतंत्र विद्यापीठे अस्तित्वात आली. डच विद्यापीठ जुन्या नगरीत राहिले. फ्रेंच विद्यापीठासाठी भाषासीमेच्या पलीकडे, ओतिन्यी गावाजवळच्या शेतजमिनीवर एक नवे नगरच वसवण्यात आले. त्याचे नाव लूव्हाँ-ला-नव्ह, म्हणजे नवे लूव्हाँ. १९७१ साली त्याची पायाभरणी झाली. तेथे सर्व हलवाहलव पुरी होण्यास १९७९ उजाडले. वैद्यकशाखा ब्रुसेल्सला गेली.

ग्रंथालयाची वाटणी मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. हे ग्रंथालय १९१४ च्या ऑगस्टात जर्मन सैन्याने जाळले तेव्हा सुमारे तीन लाख ग्रंथांची राख झाली. अमेरिकेतून आलेल्या देणग्यांवर नवी इमारत उभी राहिली; १९४० साली ती पुन्हा जळाली आणि जवळजवळ नऊ लाख ग्रंथ गेले. तिसऱ्यांदा जमवलेल्या या ग्रंथांपैकी कोणते कोणाचे, हे ठरवताना सोयीचा मार्ग काढण्यात आला. फळीवरील क्रमांक विषम असेल ते पुस्तक लूव्हेनला, सम असेल ते नव्या नगराला. हा हिशेब संतापातून आला की थकव्यातून, कोण जाणे. भावाभावांच्या वाटणीत भांडीही अशी मोजली जातात.

विद्यापीठामागोमाग राज्याचीही पुनर्रचना झाली. १९७० पासून एकेक अधिकार भाषिक समाजांकडे आणि प्रदेशांकडे सोपवत १९९३ साली बेल्जियम घटनेने संघराज्य झाले. डच, फ्रेंच आणि जर्मन या तीन अधिकृत भाषा आहेत. जर्मन बोलणाऱ्या ऐंशी हजारांच्या आसपासच्या समाजालाही स्वतःचे विधिमंडळ आहे. २०१०-११ मध्ये निवडणुकीनंतर सरकार बनण्यास ५४१ दिवस लागले, तरी आगगाड्या धावत राहिल्या, आणि इतक्या वर्षांच्या भाषावादात रक्तपात जवळजवळ झालाच नाही. धर्मप्रांतांच्या सीमाही भाषेनुसार आखल्या गेल्या. १९६७ साली लिएजपासून वेगळा झालेला डच भाषकांचा हासेल्ट धर्मप्रांत हे त्याचे उदाहरण. मेखेलेन-ब्रुसेल्सचा महाधर्मप्रांत तेवढा दोन्ही भाषांचा राहिला.

२०२४ च्या सप्टेंबरात पोप फ्रान्सिस बेल्जियमला गेले ते विद्यापीठाच्या सहाशेव्या वर्षाच्या निमित्ताने. वाढदिवस एकच, पण घरे दोन. त्यांनी २७ तारखेला लूव्हेन येथे प्राध्यापकांची भेट घेतली आणि २८ तारखेला लूव्हाँ-ला-नव्ह येथे विद्यार्थ्यांची. दोन्ही विद्यापीठांचे संबंध आता सलोख्याचे आहेत. लूव्हेनच्या वर्गांत सध्या तिसरीच भाषा ऐकू येते. पदव्युत्तर अभ्यासक्रमांपैकी कितीतरी इंग्रजीतून चालतात, आणि परभाषेतील अध्यापनाचे प्रमाण किती असावे याची मर्यादा फ्लेमिश विधिमंडळाने कायद्याने घालून दिली आहे.